नाव विचारणारा नाका

बाबा, फायरवॉल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही असतानाच मी ही नोकरी धरली होती, पण कोणी विचारलं की तुम्ही "पोरगी कॉम्प्युटर पाह्यते" एवढं सांगून मोकळे व्हायचे. तर फायरवॉल म्हणजे तुमचा जंगलनाकाच. कोणाला आत सोडायचं, कोणाला बाहेर, याचे नियम ठरलेले असतात आणि त्याप्रमाणे आडवा बांबू वर-खाली होतो. तुमच्या नाक्यावर मात्र ट्रकची रांग लागलेली असायची आणि तुम्ही आपले ड्रायव्हरला विचारताय, गाव कोनतं, कोनाचा तू, मामा कुठचे. कागद चोख असला तरी नाव-गाव कळल्याशिवाय तुमचा हात दोरीला लागत नसे. आई क्वार्टरच्या ओट्यावरून ओरडायची की भात गार होऊन राह्यला. मला तुमची लाज वाटायची, आणि भूकही लागलेली असायची.

गेल्या आठवड्यात आरमोरीच्या आमच्या दवाखान्यात जंगलातल्या गावाहून एक सून सासूबरोबर आली. आठवा महिना, रक्त जात होतं. सोनोग्राफी झाली, पण चित्रं चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे जाईनात. मोबाइलवरून फोटो पाठवले, त्यात त्यांना नीट दिसेना. ते म्हणाले, थोडा वेळ वाट बघतो, नाहीतर सरळ गाडीत घालून इकडे पाठवा. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सर्व्हरच्या फायरवॉलचे नियम मीच आदल्या दिवशी कडक केले होते, लागेल तेवढंच बाहेर जाऊ द्यायचं म्हणून, त्यामुळे घोळ तिथेच असणार हे मला कळत होतं.

मी नियमांची यादी दाखवायची आज्ञा दिली, तर तीच अडकली. दोन-चार ओळी आल्या आणि पुढे काही नाही. आपल्याकडे असं झालं की हात थेट बटणाकडे जातो. लाइट जाऊन-येऊन यंत्रं रोज तशीही बंद-चालू होतात, त्यामुळे सगळ्या दुखण्यांवर आपला तोच एक काढा. माझाही हात गेला होता. पण आज्ञा तोडून पुन्हा दिली तेव्हा दिसलं की ती दर वेळी एकाच जागी थांबते, जिथे बाहेरच्या यंत्राचा आकड्यांतला पत्ता पहिल्यांदा येतो. त्या घाईतही मला हसू आलं. ती प्रत्येक आकड्याला त्याचं नाव विचारत बसली होती. नावं सांगणारं यंत्र राहिलं बाहेर, आणि त्याच्याकडे जायची वाट मीच बंद केलेली. उत्तर येईना, आणि ही बाई उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकेना. तुमचीच कोणीतरी लागत असावी.

आज्ञेला एक अक्षर जास्तीचं जोडलं की ती नावं विचारत नाही, नुसते आकडे दाखवते. जोडलं, आणि यादी झरकन समोर आली. नावं विचारायला बाहेर जाऊ देणारा नियम त्यात नव्हताच. चंद्रपूरच्या यंत्रालाही आमचा सर्व्हर नावानेच शोधतो, म्हणून चित्रंही अडून बसली होती. नियम घातला, चित्रं गेली. डॉक्टरांचा फोन आला की वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, तिला अजिबात हलवू नका, गाडीचे धक्के सोसायचे नाहीत, काय द्यायचं ते मी इथून सांगतो. मी खुर्चीत बसून राहिले.

दुपारी वॉर्डात डोकावले. रक्त थांबलं होतं, सून झोपली होती. सासू पदराने तिला वारा घालत होती. तिने मला विचारलं, "तुमी कोनाच्या व बाई?" मी म्हटलं, मी इथली कॉम्प्युटरवाली.

"ते नाई विचारलं. बापाचं नाव सांगा."

बाबा, कागदांवर माझ्या नावापुढे तुमचं नाव मी रोज लिहिते. पण तुम्ही गेल्यापासून ते तोंडाने घेतलेलं नव्हतं. घरात तुमचा विषय निघाला की आई आणि मी "ते" म्हणतो, आणि तेवढ्यावरच निभावतो. मला पटकन बोलता येईना. म्हातारी थांबली. तिला काहीच घाई नव्हती, पदर हलवत ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी नाव घेतलं. "हं, आता समजलं," ती म्हणाली. तुम्ही तिच्या ओळखीचे असाल असं मला वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकणार, कपाटात ठेवून देईन. एवढंच सांगते की वॉर्डातून बाहेर पडल्यावर गाडीला किक मारायच्या आधी मी तुमचं नाव आणखी एकदा मोठ्याने घेतलं. कोणी विचारलं नव्हतं.