गच्चीवरची रेघ

सावदा, ३ मे १९६८
व्हिएतनामवर पॅरिसला बोलणी होणार. समोरच्या वाचनालयात रविवारी १२ तारखेला माझं भाषण: 'आपणच पेटवलेल्या परक्या भांडणात बड्या राष्ट्रांनी पडावं काय?' ठाम मत: पडावं! ज्यानं पेटवलं, त्यानंच विझवावं. आजपासून मोठ्यानं सराव. नवं धोतर वेगळं काढून ठेवलं.

५ मे
वर राहणाऱ्या घरमालकीणबाई, लाडकुंवरभाभी, यांनी पापड चाखायला दिला. सहज म्हटलं, आमच्या सौ. केसरच्या मते तुमच्या पापडात हिंग कमी. त्या म्हणाल्या, तिचे ज्वारीचे बिबडे तरी कुठे खुसखुशीत असतात? तेही खाली येऊन सांगितलं. माणसानं आरपार असावं.
संध्याकाळी दोघींचा अबोला. बायकांचं कशावरून बिनसेल, देव जाणे!

७ मे
भाभींनी गच्चीला कुलूप घातलं. केसरची बिबड्यांची ज्वारी भिजून तयार. उद्या घातले नाहीत तर वर्षाचे बिबडे गेले. दरसाल दोघी एकमेकींना घालू लागायच्या. केसर रडली. मलाही गलबलून आलं. हस्तक्षेप अटळ.

८ मे, सकाळ
बोलणी यशस्वी! गच्चीच्या मधोमध खडूनं रेघ मारली. पूर्वेला केसरचे बिबडे, पश्चिमेला भाभींचे पापड.

दुपार
पश्चिमेला शेजारच्या भिंतीची सावली आली. भाभी म्हणाल्या, ऊन सगळं बायकोला दिलंत होय? रेघ सरकवायला गेलो. मागे सरताना पाय बिबड्यांत. घाबरून उडी मारली, ती पापडांवर.

९ मे
दोघी बोलू लागल्या! विषय: मी. कोण काय म्हणालं ते दोघींनी ताडून पाहिलं. केसर माहेरच्या बोलीत कडाडली, बठ्ठं तुमनंच करेल शे. सगळं म्हणे मीच केलं! भाभींनी मान डोलावली आणि तिला नवी ज्वारी दिली.
म्हणजे शांतता झाली. श्रेय कुणाचं, हे वेगळं लिहायला नको.

१२ मे
धोतर सापडेना. वर गेलो. रेघ पुसलेली. खाटेवर ओलं कापड, त्यावर केसरचे बिबडे, शेजारी भाभींचे पापड. कापड ओळखीचं वाटलं. माझंच धोतर! केसर म्हणाली, बिबडे वाळल्याशिवाय सुटायचे नाहीत. पायजम्यावर जातो म्हटलं, तर भाभींनी हातात काठी दिली. म्हणाल्या, ज्यानं पेटवलं त्यानंच कावळे हाकावेत, तुमचंच मत ना? जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घालून दोघी भाषणाला गेल्या.
वक्ता नाही म्हणून भाभींनाच उभं केलं. लाऊडस्पीकरवर स्वच्छ ऐकू आलं: पेटवणाऱ्यानं आधी माफी मागावी, मग नुकसान भरावं, आणि तोंड बंद ठेवावं. टाळ्यांचा कडकडाट.
तेवढ्यात कावळ्यानं एक पळवला. बिबडा की पापड, ते मी कुणालाही सांगणार नाही.