आईला काय कळत न्हाई

मी, सोजरबाई पोपट ओव्हाळ, वय अडुसष्ट, राहणार कोरेगाव भीमा, तालुका शिरूर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की मी बहिरी आहे, वेडी नाही. कोणाच्या धाकाने वा सांगण्यावरून हे लिहीत नाही. डॉक्टरांनी तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. तो का लागला, ते आधी सांगते.

खडीच्या क्रशरवर राबून माझे कान गेले. मग शिरूरच्या शिबिरात मशीन मिळाले. छातीवर डबी, तिच्यात पेन्सिल सेल, वायर कानात. तेव्हापासून माणसे माझ्या तोंडाकडे न बघता डबीशी बोलतात. चालते. ऐकू येते.

गेल्या पावसाळ्यात मुलगा महेंद्र म्हणाला, "शिरूरला चल, पेन्शनचं काम हाय." मोनाली, त्याची बायको, सोबत होती. वाटेत मशीन बंद पडले. डबी उघडली तर आत सेल नव्हता. महेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला.

कचेरीत साहेबांनी मला काहीतरी विचारले. मला नुसते ओठ हललेले दिसले. उत्तर महेंद्रने दिले. काय दिले, ते मोनालीने नंतर सांगितले: "साहेब, आईला काय कळत न्हाई आता. सहीबी इसरलीय. तिची संमती हाय."

समोरच्या कागदावर आमच्या हायवेकडच्या शेताचा गट नंबर होता. महेंद्रने माझा अंगठा शाईकडे ओढला. मी मूठ आवळली. तो एकेक बोट उलगडू लागला.

मोनाली उठून बाहेर गेली. टपरीवरून सेल आणून तिने नवऱ्यासमोर डबीत घातला आणि वाकून म्हणाली, "आत्याबाई, साहेब विचारत्यात, जमीन विकायचीय का?"

"न्हाई," मी म्हणाले.

साहेबांनी कागद बाजूला सारला.

घरी आल्यावर महेंद्रने मोनालीची पिशवी अंगणात फेकली. "हिचं इथं काय हाय?" तेव्हापासून ती माझ्या खोलीत झोपते. आम्ही आतून कडी लावतो.

तरी माझ्यामागे अशी व्यवस्था व्हावी.

राहते घर माझ्या नावे आहे. ते पूर्ण मालकी हक्काने मोनालीस द्यावे.

शेत मी मजुरीतून घेतले. तेही मोनालीचे. पुढे विकायचे की नाही, ते तिने तिच्या तोंडाने सांगावे. तिच्या वतीने कोणी बोलू नये.

महेंद्रला हिस्सा नाही. म्हातारी विसरली, असे कोणी म्हणू नये. आठवून वगळले आहे. मात्र आजारी पडला तर मोनालीने त्याला भाकरी नाकारू नये, एवढी विनंती. हुकूम नाही.

कानाचे मशीन क्रशरवरची माझी सोबतीण बयाबाई हिला द्यावे. सेल तिने स्वतः बदलावा.

काल हे लिहिताना महेंद्र दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, माझं नाव हाय का त्यात?" आवाज बारीक होता. मला स्पष्ट ऐकू आले. मी मान वर केली नाही. तो निघून गेला.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून घेतला, मी तो ऐकला, आणि सही केली.

सही: सोजरबाई पोपट ओव्हाळ

साक्षीदार:
१. गीताबाई शेलार, अंगणवाडी सेविका, कोरेगाव भीमा
२. हौसराव गव्हाणे, शेजारी, कोरेगाव भीमा

ठिकाण: शिरूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २००१