मेन स्ट्रीटवरची पिवळी पेटी

४ सप्टेंबर २०१२, मंगळवार

कौन्सिलची मीटिंग कव्हर केली. नगरसेवक ड्वेन कुबियाकने ठराव मांडला. मेन स्ट्रीटच्या फुटपाथवर नवीन विटा बसवल्यात, त्यांवर पेपर विकायला ठेवलेल्या पेट्या शोभत नाहीत. पेट्या काढा, आणि नगरपालिकेच्या पार्किंगमागे सगळ्यांसाठी मिळून एक हिरवं कपाट लावा. मला वाटलं, तो त्या फुकट जाहिरातवाल्यांच्या प्लास्टिकच्या पेट्यांबद्दल बोलतोय, म्हणून जोरजोरात मान डोलावली. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, सगळ्या म्हणजे सगळ्या, आणि आर्विडलाही पटलेलं दिसतंय. इतिवृत्तात माझी संमती नोंदली गेली आहे.

हरकत नाही. आपण कुणाशी पंगा घेतलाय याची ड्वेनला कल्पना नाही. टॅमरॅक बेंड सेंटिनेल हा या गावचा एकमेव पेपर. संपादक मी, बातमीदार मी, फोटोग्राफर मी. दर बुधवारी प्रसिद्ध.

निश्चय: शांत राहायचं. लढा तत्त्वाचा आहे.

५ सप्टेंबर, बुधवार, सकाळी ७

नवीन अंक माझ्या पिवळ्या पेटीत भरला. पंचवीस प्रती. गेल्या आठवड्याच्या एकोणीस परत काढल्या, म्हणजे सहा गेल्या. पण अनुभवाने सांगतो, एक प्रत दहा जण वाचतात. शिवाय काचेतून पहिलं पान वाचून पुढे जाणारे वेगळे. सगळे मिळून मी दोन हजार धरतो. गावची वस्ती अठराशे आहे, पण बाहेरचे लोकही थांबत असणार.

बर्फ काढणाऱ्या गाडीने पेटीला डावीकडे पोचा पाडलाय. दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही. पण टपालाने जाणारे अंक बहुतेक ॲरिझोनाला राहायला गेलेल्या म्हाताऱ्यांना जातात. गावात सेंटिनेल दिसतो तो फक्त या पेटीत. ती गेली की पेपर गावाचा राहणार नाही. हे मला स्वच्छ दिसतं. बाकी कुणाला दिसत नाही, म्हणून तर संपादक लागतो.

८ सप्टेंबर, शनिवार

ठरावाचा मसुदा मिळवला. त्यात कारण दिलंय की आगीच्या नळापासून पंधरा फुटांच्या आत पेटी नको. टेप घेऊन मोजलं. अकरा फूट. टेप जुनी आहे. पावलांनी मोजलं. साडेअकरा. पावलं आखडती टाकल्यावर बरोबर पंधरा भरली.

तरी खबरदारी म्हणून अग्निशमन दलाला पत्र टाकलं: नळ चार फूट पलीकडे सरकवता येईल का? दलाचा प्रमुख दुपारी बेकरीत भेटला. म्हणाला, सरकवू की, पण आधी नळाखालचं गाव सरकवायला लागेल. विनोदी माणूस आहे. लेखी उत्तराची वाट बघतोय.

मर्नाला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, ॲरिझोनातल्या टूसॉनहून बहिणीचा फोन आला होता, हिवाळाभर या म्हणते, तिकडे फुटपाथवर बर्फ नसतो. विषय काय आणि माझी बायको बोलते काय!

१४ सप्टेंबर, शुक्रवार

सपर क्लबात, म्हणजे गावच्या खानावळीत, शुक्रवारचा तळलेला मासा. शेजारच्या टेबलावर नेमका ड्वेन. म्हणाला, लेका आर्विड, मनावर नको घेऊस, तुला कपाटातला मधला कप्पा देतो, अगदी डोळ्यांसमोरचा. मी विचारलं, कुणाच्या डोळ्यांसमोर? तिथे कचऱ्याचे डबे आणि ते रात्री उपसणारे रॅकून. त्यावर तो म्हणाला, मग रॅकून तरी वाचतील! दोन्ही टेबलं हसली. मर्नाही हसली. घरी येताना म्हणाली की मासा घशात अडकला होता.

निश्चय: जनसुनावणीत याचा समाचार घ्यायचा. भाषण लिहायला आजच सुरुवात. म्हणजे उद्या.

१८ सप्टेंबर, मंगळवार

जनसुनावणी झाली. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. माझं भाषण अठरा मिनिटांचं होतं, पण मला वाटलं संपादकाला सूट असेल. अध्यक्षांचे आभार मानले, वडिलांनी पेपर कसा सुरू केला ते सांगितलं, मग एकसष्ट सालच्या पुराकडे वळलो. पाणी चर्चच्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि बझर वाजला. पेटीचा मुद्दा सातव्या पानावर होता.

मागून कुणीतरी ओरडलं, अरे, पण चर्च वाचलं का? यावरून लोक किती गुंतले होते ते कळतं.

ठराव पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर. विरोधातलं एक मत म्हाताऱ्या क्लेटसचं. मी हात हातात घेऊन आभार मानले. तो म्हणाला, पार्किंगचे मीटर मला कधीच पसंत नव्हते.

१९ सप्टेंबर, बुधवार

बाजी पलटली!

नगरपालिकेच्या क्लार्क व्हर्ना पेल्क बाई ठरावाचा मजकूर घेऊन ऑफिसात आल्या. म्हणाल्या, आजचा अंक तर निघाला, पुढच्या बुधवारी कायदेशीर नोटीस म्हणून छाप, छापून आल्याशिवाय ठराव लागू होत नाही. अशा नोटिसा मी तीस वर्षं छापतोय. पण त्यांचा अर्थ आज पहिल्यांदा डोक्यात शिरला. ठराव छापायचा गावच्या पेपरात. गावचा पेपर कोणता? माझा. आणि मी छापलाच नाही तर?

नुसती नोटीस गाळणं म्हणजे बातमी दडपणं. ते माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून अख्खा अंकच काढायचा नाही. गावाला बातम्यांचा कडकडीत उपास घडला की दोन आठवड्यांत कौन्सिल गुडघे टेकेल.

मर्नाला म्हणालो, बघ आता गंमत. ती म्हणाली, म्हणजे पेपर बंद पडू नये म्हणून तू पेपर बंद करणार? तिला डावपेच कळत नाहीत. राजकारण हा तिचा प्रांत नाही.

२६ सप्टेंबर, बुधवार

आज अंक नाही. ऐतिहासिक दिवस. सकाळपासून फोनजवळ बसलो. संतप्त वाचकांशी कसं बोलायचं याचे मुद्दे काढून ठेवले होते.

दुपारी दोनला फोन वाजला. मिसेस हाल्वरसन. मर्ना आहे का विचारलं, चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीबद्दल बोलायचं होतं. पण आवाजात धक्का जाणवत होता.

२७ सप्टेंबर, गुरुवार

फोन नाही. गाव सुन्न झालेलं दिसतं.

३ ऑक्टोबर, बुधवार

दुसराही अंक नाही. बेकरीत पाऊण तास मुद्दाम बसलो. खिडकीसमोरच पेटी. काचेत अजून १९ तारखेचं पहिलं पान: भोपळ्याच्या स्पर्धेचा निकाल. जाणारे-येणारे तिकडे बघतही नव्हते. त्यांना ते बघवत नसावं.

बेकरीवाली लोरेन म्हणाली, आर्विड, हल्ली चेहरा बरा दिसतो तुझा, झोप होतेय वाटतं. मी सूचक हसलो. विचारलं, गेले दोन आठवडे गावात काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय का गं? तिने चांगला विचार केला. मग म्हणाली, हो रे, सिनॅमन रोलवर साखर जास्त पडतेय, नवीन मुलीला सांगितलंय मी.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

शरणागती! व्हर्ना बाईंचा फोन. म्हणाल्या, आर्विड, माझं ऐक बाबा, या बुधवारी अंक काढ. दोन पानी काढ, चुका राहू देत, पण काढ. मी शांतपणे सांगितलं, आधी ठराव मागे, मग अंक. त्या म्हणाल्या, अरे, नाहीतर मला... अशा क्षणी फोन ठेवण्यात एक वजन असतं. ठेवला.

संध्याकाळी मर्नाला हे सांगताना मी उभा राहिलो होतो. ती म्हणाली, त्या नाहीतरच्या पुढे काय होतं ते तरी ऐकायचंस.

१० ऑक्टोबर, बुधवार

तिसरा अंक नाही. पण आज पहिली प्रतिक्रिया आली. ॲरिझोनाहून पत्र, आमचे जुने वर्गणीदार. मर्नाच्या नावाने. लिहिलंय, दोन आठवडे पेपर नाही, म्हणजे आर्विड गेला असं आम्ही समजतो, फार वाईट वाटलं, तो बोलायचा खूप पण मनाने चांगला होता. मृत्यूची बातमी कोणत्या अंकात येणार तेही कळवायला सांगितलंय.

मर्नाने लगेच उत्तर लिहायला घेतलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. बुधवारी सहाला जाग येते आणि कुठे जायचं नसतं. आज तरीही गेलो. पेटीचं दार उघडलं, जुन्याच प्रती सारख्या केल्या, गुडघ्याने दार लावलं आणि घरी आलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण माघार नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

सव्वाआठला मेन स्ट्रीटवर वळलो तर पेटीसमोर गर्दी. मोजली. सात माणसं आणि एक कुत्रा. तीस वर्षांत हे बघितलं नव्हतं. गाव जागं झालं होतं! रस्ता ओलांडता ओलांडता मी चार शब्द मनात जुळवले, या वेळी तीन मिनिटांत बसतील असे.

जवळ गेलो. काचेवर, भोपळ्यांच्या बरोबर वर, एक कागद चिकटवला होता. नगरपालिकेची नोटीस. पेट्यांचा ठराव, पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत. खाली व्हर्ना बाईंची सही. बाई स्वतः टेपचं रीळ मनगटात घालून बाजूला उभ्या.

म्हणाल्या, हेच सांगत होते रे त्या दिवशी फोनवर. गावात पेपर निघत नसेल तर ठराव तीन सार्वजनिक जागी लावायचा, लावला की लागू. आणि सलग तीन अंक नाहीत म्हणजे पेपर निघत नाही, असं वकिलांचं मत पडलं. एक नगरपालिकेच्या दारावर लावला, एक पोस्टात. तिसरी जागा सुचेना. मग म्हटलं, लोक जिथे वाचायला थांबतात अशी गावात एकच जागा आहे. हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.

म्हणजे ठराव आजपासून लागू. परवा सकाळी पेटी उचलणार. मी नोटीस छापली असती तरी उचललीच असती, पण तेव्हा निदान गावात पेपर होता.

गर्दीत ड्वेन होता. या वेळी त्याने नुसती टोपी मागेपुढे केली. त्यापेक्षा रॅकूनचा विनोद परवडला असता. मर्ना होती, बाजाराची पिशवी घेऊन, ओळीवर बोट ठेवून वाचत. माझा एक अग्रलेखही तिने असा वाचलेला मला आठवत नाही. लोरेन ॲप्रनला हात पुसत बेकरीतून आली, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं आणि माझ्याकडे वळली.

म्हणाली, आर्विड, या वेळचा अंक छान झालाय हं. थोडक्यात आहे, एका दमात संपतो. मागून दोघं म्हणाले, खरंच, असाच काढत जा.

मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वाऱ्याने कागदाचा खालचा कोपरा सुटून फडफडत होता, मागच्यांना शेवटच्या दोन ओळी वाचता येत नव्हत्या. व्हर्ना बाईंकडून टेप मागून घेतली आणि तो नीट चिकटवून दिला.