हरकत क्रमांक एक

तोआ पायोह, सिंगापूर
५ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रेमास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. घरपट्टी वाढवून पंचायत आठवीचा वर्ग काढणार आणि शिक्षक नेमणार, हे वाचून आश्चर्यच वाटलं. तुमच्या सरपंचांना शाळा आठवली म्हणायची! तुझ्या शेजारची मेधा सातवीत पहिली आली, आणि पुढची शाळा अकरा किलोमीटरवर. माझ्या वेळी बाबांनी हट्टाने मला कॉन्व्हेंटात घातलं. तुझ्या वेळेपर्यंत त्यांचा हट्ट संपला होता. तू कधी बोलली नाहीस, पण मला ठाऊक आहे.

आईचं घर माझ्या नावावर आहे, तेव्हा माझंही मत त्यांना कळायला हवं. एक मेच्या ग्रामसभेत हात वर करायला येता येत नाही, म्हणून पंचायतीला रजिस्टर पत्र धाडलं. वर विषय, खाली सही, सगळं नन्सनी शिकवलं तसं. नात ईशा म्हणत होती ईमेल कर, वर इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी तिचं ते 'ला' जोडून. लिफ्टने खाली उतरली की समोर शाळा, तरी तिला कंटाळा!

आठवण ठेव, तुझ्या तोंडाळ ताईची.
संजीवनी

---

कातळवाडी
२ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल ग्रामसभा झाली. सरपंचांनी आधीच जाहीर केलं होतं, एकही लेखी हरकत आली नाही तर वाढ लागू. कुरकुर पुष्कळ होती, पण सही करून वाईटपणा कोण घेणार? मेधा नव्या वह्या घेऊनच आली होती.

मग ग्रामसेवक रवींद्रने रजिस्टर उघडून वाचलं: हरकत क्रमांक एक, सिंगापूरहून. ताई, तू विषय लिहिला होतास, 'घरपट्टीवाढीस हरकत नसल्याबाबत'. त्याने 'हरकत' एवढंच पाहिलं आणि नोंद केली. मी उभी राहून सांगितलं, ताईची हरकत नाही. सरपंच म्हणाले, हरकत नव्हती तर बाईंनी पत्र कशाला लिहिलं? सगळे हसले. सिंगापूरवालीला परवडत नाही तर आम्हाला कुठून, असंही कुणी मागून बोललं. विषय पुढच्या वर्षावर गेला.

तुझा दोष नाही. जीव लावतेस तशीच लाव.
प्रेमा

---

तोआ पायोह
१४ मे २०२५

चि. प्रेमास,
अ. उ. आ.

दोष माझाच. इंग्रजी शाळेत 'नो ऑब्जेक्शन' लिहायला शिकले, तेच मराठीत उतरवलं. साधं 'पट्टी वाढवा' म्हणायला काय झालं होतं मला? पंचायतीला चार पानं लिहिली, रवींद्रच्या अकलेचा पूर्ण हिशेब मांडला, आणि फाडली. तीही हरकत क्रमांक दोन झाली असती. ईशाने विचारलं, शाळेत जायला गावाचं मत कशाला लागतं?

मेधाला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवा. खर्च सगळा माझा. तिच्या आईला आजच विचार.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.
संजीवनी

---

कातळवाडी
२८ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेधाच्या आईला विचारलं. तिने चहा दिला, तुझी चौकशी केली, आणि म्हणाली, आमची काही हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मेधाला घेऊन काजूच्या कारखान्यात कामाला गेली. आता दोघी रोज सातला माझ्या दारावरून जातात.

प्रकृतीला जप, माझ्यासाठी तरी.
प्रेमा