पाच यंत्रांचं संरक्षण

बेळगाव
सोमवार, सकाळ

प्रिय आक्का,

हे पत्र गल्लीतल्या मालुबाईच्या हातून, मागच्या खिडकीतून तुला मिळेल. तिला वाचता येत नाही, म्हणून तिलाच निवडलं. वाचून झालं की तिच्याकडेच परत दे, ती चुलीत घालेल. वसतिगृहात असताना मी तुला शेवटचं पत्र लिहिलं होतं, त्यानंतर आपण फोनच करत आलो. आज पुन्हा कागद का, ते पुढे येईलच. तुझा आवाज ऐकून एकोणीस दिवस झाले. दर वेळी फोन दाजी उचलतात. “आंघोळीला गेलीया”, “आत्ताच डोळा लागलाय तिचा”, “देवळात गेलीया, आली की लावाय सांगतो.” आवाज नेहमीसारखा मऊ. आईला कडोलीला फोन केला तर ती म्हणाली, “नागेंद्रराव लई जपतोय गं तिला. फोनसुद्धा उचलू देत न्हाई, इस्रांती घे म्हणतोय.” आईचा आवाज आनंदी होता. मी फोन ठेवला.

शुक्रवारी रजा टाकून मी निपाणीला आले होते. तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. दाजींनी पुढच्या खोलीत बसवलं, स्वतः चहा करून आणला. तुला ताप आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू नका म्हणून सांगितलंय, असं म्हणाले. कुठले डॉक्टर, ते मी विचारलं नाही. मी पंचवीस मिनिटं बसले. आतल्या दाराला बाहेरून कडी होती. ती मी पाहिली, आणि तरीही कप विसळून ठेवला आणि ‘येते’ म्हणून बाहेर पडले. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

गल्लीच्या तोंडाला मालुबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. हात न थांबवता तिने मला झाडलं. “च्या पिऊन आलीस व्हय नुसती? शिकल्याली न्हवं तू? तुझी आक्का मागच्या खिडकीतनं हात करत्या, तोंड उघडत न्हाई. त्येनी भायेर पडलं की मोठ्ठं कुलूप. आनि गल्लीत सांगत्यात, काळजी घेतोय म्हनून. कोंबड्या मी बी रोज डालग्याखाली झाकते बाई, पर काळजी म्हनत न्हाई त्याला!” मग सुपातली तंबाखू सावडत हळू म्हणाली, “माझ्या पेन्शनीचं कागद त्या पोरीनं भरलं. काय न्ह्याचं-आनायचं आसंल तर मला सांग.” तिथे उभी राहून मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. तोवर त्या भीतीला मी दुसरी नावं देत होते.

आता दिवाळीपासूनचं सगळं क्रमाने लिहिते. तुला यातलं निम्मंच माहीत आहे आणि उरलेलं निम्मं माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत दाजींनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. विम्याची सगळी कामं ते घरूनच करतात, आणि मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं घेत होतं. पाहिलं तर त्यांनी तीन फुकटचे अँटिव्हायरस एकावर एक घातले होते आणि ते तिन्ही एकमेकांनाच चोर समजून अडवत होते. मी दोन काढून टाकले. तिसऱ्याची मुदत संपली होती, तोही काढला. मग त्यांना सांगितलं की विंडोजचं स्वतःचं संरक्षण घरच्या वापराला पुरेसं आहे. अपडेट बंद करू नका, अनोळखी मेलमधली फाइल उघडू नका, महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. खर्च शून्य. तू दारातून चिवड्याची ताटली घेऊन येत होतीस. हसून म्हणालीस, “फुकटचं म्हटल्यावर तुझ्या दाजींना झोप लागायची न्हाई. विकत घेतल्याशिवाय त्यांना कायबी आपलं वाटत न्हाई.” दाजीही हसले. मीही हसले.

मग मी विकतच्या अँटिव्हायरसचा तक्ता केला. तू म्हणायचीस ना, तेजूला देवापुढं उभं केलं तर तिथंही तक्ता करील. चार कंपन्या, पहिल्या वर्षाची किंमत, दुसऱ्या वर्षाची किंमत, मशीन किती मंद होतं, किती यंत्रांवर चालतं. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाला ते दुप्पट घेतात, हेही तळाला लिहिलं. सगळ्यांत स्वस्त पडत होता तो कुटुंबासाठीचा पॅक, एका परवान्यात पाच यंत्रं. दाजींचा कॉम्प्युटर, त्यांचा लॅपटॉप, त्यांचा फोन, तुझा फोन. एक उरलं. दाजी म्हणाले, “पाचवं तुला घे की, वाया कशाला घालवायचं?” मी घेतलं. मी ज्यावर काम करते तो लॅपटॉप आजही त्याच परवान्यावर चालतो.

त्या पॅकमध्ये लहान मुलांसाठी म्हणून एक सोय होती. मूल काय शोधतं, कुठली पानं उघडतं, फोन कुठे आहे, याचा अहवाल पालकांना मेलवर जातो. मी ती सोडून पुढे जात होते. दाजींनी बोट ठेवलं, “हे काय?” मी समजावून सांगितलं, अगदी नीट, मला जसं समजावता येतं तसं. तुमच्या घरात मूल नाही, हे काही कामाचं नाही, असंही म्हटलं. ते म्हणाले, “असू दे की. पैसे दिल्यात न्हवं?” यंत्रांच्या यादीत तुझं नाव ‘सदस्य’ म्हणून होतं. मी तुझ्या नावापुढे टिक केली. तू तेव्हा शेजाऱ्यांना फराळ द्यायला गेली होतीस. तुला विचारायला पाहिजे होतं. तू परत आल्यावर सांगायला तरी पाहिजे होतं. तू आलीस आणि फोन हातात घेऊन म्हणालीस, “झालं का गं माझ्या फोनला कवच?” मी म्हटलं, झालं.

दाजींना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून खातं माझ्या ईमेलवर काढलं होतं. त्यांना अहवाल दर रविवारी जायचा, मला रोज सकाळी यायचा. मी तो आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल अशी व्यवस्था केली आणि उघडला नाही. नऊ महिने एकदाही उघडला नाही. मला त्याचा अभिमान होता, की हाताशी असूनही मी दुसऱ्याचं वाचत नाही. मी वाचत नव्हते तेव्हा दुसरं कुणी दर रविवारी वाचत होतं, आणि त्याची सोय मी करून दिली होती.

एकवीस दिवसांपूर्वी, सोमवारी, मेलची जागा भरली म्हणून जुनं काही पुसायला तो फोल्डर उघडला आणि त्या दिवशीचा अहवाल डोळ्यांसमोर आला. बी.एड.ला वयाची अट किती. माहेरी राहायला जाण्यासाठी नवऱ्याची संमती लागते का. नवरा कोंडून ठेवतो पोलीस तक्रार. बेळगाव मोफत वकील घटस्फोट. चार ओळी, प्रत्येकीपुढे वेळ. आक्का, कडोलीच्या साहित्य संमेलनात तू पाहुण्यांची ओळख करून द्यायचीस तेव्हा तुझा आवाज माइकवरून आपल्या मळ्यापर्यंत यायचा आणि आप्पा मोटर बंद करून ऐकत उभे राहायचे. ती तू, आणि एका यंत्राला विचारत होतीस की माहेरी जायला परवानगी लागते का.

रविवारपर्यंत सहा दिवस होते. माझ्या खात्यातून तुझ्या नावापुढची ती टिक काढली असती तर दाजींना काहीच गेलं नसतं. मी काढली नाही. काढली तर त्यांच्या फोनवर सूचना जाईल आणि ते जास्तच चिडतील, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं आहे का, हे मी तपासलं नाही. जी प्रत्येक गोष्ट तपासते, तिने एवढी एक तपासली नाही. नंतर तपासलं. अशी कुठलीही सूचना जात नाही. रविवारी अहवाल त्यांना गेला. त्यानंतर तुझ्या नावापुढे रोज शून्य येतं. शून्य शोध, शून्य पानं. फोन रोज एकाच जागी, त्यांच्या कपाटात असावा. मी आता रोज सकाळी तो अहवाल उघडते, शून्याशिवाय काही दिसावं म्हणून.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. त्या आठवड्यातल्या बुधवारी तू मला फोन केला होतास. इकडचं तिकडचं बोललीस, आईच्या गुडघ्याचं विचारलंस, आणि ठेवता ठेवता म्हणालीस, “तेजू, हिस्ट्री पुसली की सगळं जातंय न्हवं?” माझ्यासमोर तो अहवाल दोन दिवस होता. तू का विचारतेस, ते मला पूर्ण ठाऊक होतं. मी म्हटलं, हो, ब्राउझरमधून सगळं जातं. वाक्य अचूक होतं. तू ज्याबद्दल विचारलंस तेवढ्याचं उत्तर मी दिलं, अहवालातलं काहीच पुसलं जात नाही हे माझ्याकडे ठेवलं, कारण सांगितलं असतं तर मी काय बसवलं आणि काय वाचलं, दोन्ही सांगावं लागलं असतं. तू “बरं झालं बाई” म्हणालीस आणि सुटल्यासारखी हसलीस. तू माझ्या शब्दावर विसंबलीस आणि पकडली गेलीस. या वेळी तू विचारलेलं नाहीस, तरी सगळं सांगते. तुझा फोन तुझ्या हाती दिला तरी त्यावरून मला काही पाठवू नकोस. शनिवारी मी कोर्टातल्या मोफत मदत केंद्रात वसुधा म्हणून वकील आहेत त्यांना भेटले, दिवाळीपासूनचे सगळे अहवाल छापून दिले आणि माझा जबाबही लिहून दिला, त्यात टिक मी केली हे आहे. त्या म्हणाल्या, बाईच्या हातची एक ओळ मिळाली तर एक दिवससुद्धा थांबायचं कारण नाही. या पत्रात कोरा कागद आणि पेन्सिलीचा तुकडा आहे. ‘मला या घरातून बाहेर पडायचं आहे’ एवढंच, खाली सही आणि आजची तारीख. मी दुपारपासून विडी कारखान्याच्या फाटकापाशी आहे, मालुबाई माल द्यायला आली की तिच्याकडून घेईन. तशी ओळ आली तर उद्या दाजी कुलूप लावून बाहेर पडल्यावर अकरा वाजता वसुधाबाई, महिला पोलीस आणि मी दारात असू. कुलूप त्यांच्या समक्ष निघेल. माझं तोंड बघायचं नसेल तर तसंही लिही, मी गल्लीच्या बाहेर थांबेन आणि तू त्यांच्याबरोबर जा. कागद कोरा आला तर तो तू पाठवला आहेस की दुसऱ्या कुणी, हे मला कळणार नाही, म्हणून तरीही मी येईन. पण आक्का, लिही.

तुझीच, तू ठेवलीस तर,
तेजू