यादीतला एकतिसावा

ती. मामांना भाच्याचा नमस्कार.

मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे आई ठीक आहे, आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत (जेवताना मीठ मागतात, तेवढाच संवाद).

सोमवारपर्यंत नोकरी लागली नाही तर मी तुमच्या लाँड्रीत काउंटरवर बसायचं, असं तुमचं आणि बाबांचं ठरलं आहे. दुकानाबद्दल मला आदरच आहे, पण बीबीएची तीन वर्षं कॉलरला नंबराच्या चिठ्ठ्या टाचण्यात जावीत असं वाटत नाही. (एक पेपर राहिला आहे, कार्यालय व्यवस्थापनाचा. समास आखण्यात वेळ गेला आणि पाचपैकी दोनच उत्तरं झाली, पण ती फार नीटनेटकी होती.) म्हणून बीबीएनंतर काय काय करता येतं याचा मी फूटपट्टीने तक्ता आखला आणि भिंतीला लावला: बँक, विमा, मार्केटिंग, मनुष्यबळ, स्वतःचा व्यवसाय. बँकेने त्या राहिलेल्या पेपरापाशीच अर्ज परत केला. विम्यात पहिल्याच गिऱ्हाइकाला मी अटींची चौदा पानं वाचून दाखवली. ते गृहस्थ सातव्या पानावर झोपले. मार्केटिंगमध्ये पाण्याचा फिल्टर विकायला गेलो आणि बाईंना सांगून आलो की तुमच्याकडे आहे तोच जास्त चांगला आहे. व्यवसायाचं नाव काढताच बाबांनी दोन दिवस मीठ मागणंही बंद केलं.

राहिलं मनुष्यबळ. काल एका कंपनीत त्या खात्याची मुलाखत होती. जाऊन पाहतो तर खुर्च्या कशाही पडलेल्या, कोण आधी आलं यावरून दोघांची जुंपलेली, आणि आतून मॅडम विचारताहेत, "पुढचं कोण? अहो, कोणीतरी या ना." मला राहवेना. मी वहीचा कागद काढला, अनुक्रमांक घातले आणि आले त्या क्रमाने सगळ्यांची नावं लिहिली. स्वतःचं नाव शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण कागदावर ओळी तीस आणि बाकीचे उमेदवारही तीस. एकतिसावं नाव शेवटच्या रेघेखाली लिहिलं असतं तर पान बिघडलं असतं, म्हणून लिहिलं नाही.

मामा, दिवसभर मी लोकांना आत सोडत होतो. एकाला टाय बांधून दिला, एकीच्या प्रमाणपत्रांचा क्रम लावून दिला. मॅडम मधेच बाहेर येऊन म्हणाल्या, पंखा आवाज करतोय, बघायला सांगा. मी तेही टिपून घेतलं आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून आणलं. (तुम्हीही उमेदवार आहात का, असं कोणीच विचारलं नाही, तर मी तरी काय सांगणार?) संध्याकाळी खुर्च्या सरळ करत होतो तेव्हा त्या निघाल्या. म्हणाल्या, "यादी छान केलीत. कुठल्या खात्यात आहात?"

मी म्हटलं, "मी एकतिसावा."

त्या तिथेच खुर्चीवर बसल्या आणि माझा अर्ज वाचू लागल्या. नापास विषयापाशी थांबून त्यांनी एकदा सरळ रांगेतल्या खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, मनुष्यबळाची जागा भरली, पण हे ऑफिस रोज असं चालवायला माणूस हवाच आहे. सोमवारी या. ऑक्टोबरात तो पेपर मात्र द्या.

हे काम तक्त्यात कुठेच नव्हतं. घरी येऊन ते चौकटीच्या बाहेर, खाली, फूटपट्टी न लावता लिहिलं. ओळ जरा वाकडी आली आहे, पण राहू दिली.

तुमचा भाचा

ता. क. बाबांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी ते तुमच्याकडे येतील तेव्हा तुम्हीच सांगाल का? चहा झाल्यावर सांगा.

ता. क. २. जागा संपली म्हणून हे समासात लिहितो आहे, सवय करतो आहे. नोकरी तीन महिने चाचणीवर आहे. तोवर काउंटरचं स्टूल कोणाला देऊ नका.