नाव तुझं, काम माझं

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिकीट आलं! माझ्या नावावर!

तीस वर्षं यांनी पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. पक्षात चार टाळकी होती तेव्हापासून. दर वेळी तिकीट मात्र काल आलेल्या पाहुण्याला. आणि आता मिळालं तर प्रभाग महिलांसाठी राखीव. म्हणून मी.

सकाळी सहा-सात जण आले. पोहे केले. 'वहिनी, तुम्हाला काहीच करायचं नाही. फोटो द्यायचा, अर्जावर सही करायची.' हे आत येऊन म्हणाले, 'नाव तुझं, काम माझं. भाषणं मी करतो.'

मला राखीव-बिखीव पटत नाही. माणूस लायकीवर निवडावा. आणि बाईनं चौकात उभं राहून ओरडावं हेही पटत नाही. पुण्याहून आमचा मुलगा, नवीन, हसतो फोनवर, 'आई, तू तर बाबांपेक्षा कट्टर!' आहेच मी. पण यांचं तोंड आज इतकं उजळलं होतं की नाही म्हणवेना.

घसा मात्र अजून बसलेलाच आहे यांचा. गणपतीपासून. ज्येष्ठमध चालू आहे. लोक उलट कौतुक करतात, 'भाऊंचा घसा बसला म्हणजे प्रचार जोरात!'

८ नोव्हेंबर, शनिवार

ओढून जळगावला नेलं. घशात कॅमेरा घालून बघितलं. तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टर फार बोलले नाहीत. येताना गाडीत हे घोषणा जुळवत होते. मी खिडकीतून केळीचे ट्रक मोजत होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज भरला. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, 'पतीचं नाव?'

माझी जीभ टाळूला चिकटली. लग्नात एकदा घेतलं, चौतीस वर्षांत पुन्हा नाही. आईनंही कधी घेतलं नव्हतं. धुळ्याच्या आमच्या गल्लीत एकीनंही नाही. साहेबांनी परत विचारलं. मागे रांग. शेवटी हेच पुढे वाकले आणि त्या घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. सगळे हसले. मीही.

बाहेर बॅनर लागलाय. यांचा फोटो दारभर, माझा पोस्टाच्या तिकिटाएवढा. मला काही वाटलं नाही. खरंच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कॅन्सर आहे.

स्वरयंत्राचा. डॉक्टर तरुण आहेत, नीट समजावून सांगतात. 'काका, आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच. पण आत्ता केलं तर माणूस वाचतो. पुढे छोटी झडप बसवून बोलताही येतं बऱ्याच जणांना.'

हे म्हणाले, 'तीन तारखेला मतमोजणी. चार तारखेला करू.'

'हे वाट बघण्यासारखं नाही काका.'

'मग राहू द्या.'

राहू द्या म्हणे! जसं काही दुकानातून साडी परत करतायत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन येऊन गेला, समजावून थकला. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी रुपचंदभाऊ आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, कट्टर विरोधी पक्षाचे. मगनच्या चहाच्या टपरीवर तीस वर्षं या दोघांचं भांडण चालू आहे — कर्जमाफी, कारखाना, देव, देश, काही सोडलं नाही. आज आले आणि भांडलेच नाहीत. नुसते बसले. उठताना म्हणाले, 'तू गया ते मी कोनसंगे भांडू रे? बठ्ठं गाव मनं ऐकी लेस. तूच एक नही ऐकस.' सगळं गाव त्यांचं ऐकतं, यांच्याखेरीज.

डोळे पुसत गेले. हे भिंतीकडे बघत होते.

यांना मरणाची भीती नाही. मुकं होण्याची आहे. आवाजावरच तर उभा आहे हा माणूस. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज! मला तो पहिल्यांदा ऐकू आला तो धुळ्यात, मांडवात, जेवणाच्या पंगतीत — 'अजून दोन जिलब्या वाढा' — आणि मी वाकून बघितलं होतं कोण म्हणून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मी केलं जे करायचं ते.

माघारीचा अर्ज आणला. चहासोबत यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, 'तुम्ही ऑपरेशन करत नसाल तर मी सही करते. मग कुठलं काम आणि कुठली भाषणं!'

भडकले. आवाज फाटला. 'तीस वर्षांनी आलेलं तिकीट आहे!'

मी म्हटलं, 'प्रत्येक भाषणात काय सांगता? सरकार घर चालवत नाही, घर सरकार चालवतं. आधी आपलं घर सांभाळा. सांगता की नाही? की ते फक्त लोकांसाठी?'

अर्ज दूर सरकवला. मग म्हणाले, 'आणि भाषणं?'

'मी करते.'

'तुला जमणार नाही.'

'तुम्हाला तरी गप्प बसणं जमणार आहे का? दोघांनी एकेक न जमणारी गोष्ट करायची. झालं!'

हे कुठून बोलले मी? माझे चहाचे कप अजून तसेच पडलेत ओट्यावर. पण ते हो म्हणाले. देवा, हो म्हणाले!

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साडेसातला आत नेलं. रुपचंदभाऊ बरोबर. स्ट्रेचरवरून यांचं शेवटचं वाक्य — 'रुपचंद, कर्जमाफीवर तू चूकच होतास.' मला काय? 'चष्मा सांभाळ.'

एवढंच! चौतीस वर्षांचा संसार आणि चष्मा सांभाळ! पदरात बांधून बसले तो चष्मा, सहा तास.

झालं. जिवंत आहेत.

२० नोव्हेंबर

गळ्याला भोक. नाकात नळी. डोळे उघडले, ओठ हलवले, काहीच आलं नाही. मग ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं ते लिहिता येत नाही मला. मी चष्मा घातला त्यांना.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाटी आणि वही आणून दिलीय. दिवसभर लिहितात. मला वाटलं काही हवं-नको असेल. भाषण लिहितायत माझ्यासाठी! चार पानं झाली. 'बंधूंनो आणि भगिनींनो, विकासाची गंगा...'

आता प्रश्न इथं थांबायचं कुणी. नवीनला रजा नाही. पक्षातले सगळे प्रचारात. दोघं सफरचंदं घेऊन आले, फोटो काढला, गेले. राहिले कोण? रुपचंदभाऊ! म्हणाले, 'तू जाय बेबाबाई. मी शे आठे.' त्यांच्या पक्षातले त्यांना फितूर म्हणतायत. विरोधी उमेदवाराच्या नवऱ्याची सेवा करतो म्हणून. त्यांनी सांगितलं म्हणे, 'मी बत्तीस वर्षं दोन्ही पक्षांना तिकीट दिलं. एसटीचं.'

मी त्यांच्या विचारांच्या अजूनही विरोधात आहे. सरकारनं सगळं फुकट वाटावं म्हणणारा माणूस! पण माणूस सोन्याचा. हे दोन्ही खरं आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मी बोलले! चौकात! माईकवर!

शेजारची ताईबाई हात धरून घेऊन गेली. पायऱ्या चढताना म्हणाली, 'घरमा बोलस तशीच बोल माय.' समोर दीडशे माणसं. यांची चार पानं हातात. 'विकासाची गंगा' म्हटलं आणि पुढचं दिसेना. डोळ्यांत पाणी, कागदावर अक्षरं यांची. कुणीतरी मागून हसलं.

मग घडी घालून ठेवून दिली पानं. म्हटलं —

माझा नवरा जळगावला आहे. त्याचा आवाज गेला. मला भाषण येत नाही. मी काही फुकट देणार नाही, साडी नाही, भांडं नाही. पाणी, दिवा आणि गटार, एवढं पालिकेनं नीट करावं, बाकी आपलं घर आपण चालवावं असं मला वाटतं. माझ्या दारापुढचं मी झाडते, तुमच्या दारापुढचं तुम्ही झाडा. पटलं तर मत द्या. आणि एक ऐका. यांचा घसा गणपतीपासून बसला होता. आम्ही त्याला प्रचार समजलो. मी बायको असून समजले! कुणाचा घसा तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर आधी डॉक्टरकडे जा, मग माझ्या सभेला या.

टाळ्या नाहीत. मला वाटलं, बुडाले. खाली उतरले तर चार-पाच माणसं घसा खाकरून बघत होती.

३० नोव्हेंबर, रविवार

पक्षाच्या लोकांनी कान उपटले. 'वहिनी, कॅन्सरवर मतं मिळत नाहीत. आणि फुकट देणार नाही असं कुणी म्हणतं का?' मी म्हटलं, 'पक्षाचं धोरण तेच आहे ना? भाषणात होतं यांच्या.'

दारोदार फिरले. मगनच्या टपरीवर त्याचा आवाज ऐकला, भांड्याचा तळ घासल्यासारखा. 'कधीपासून?' 'दसऱ्यापासून शे. थंडी लागनी.' तिथंच उभी राहिले. जळगावला जाईन म्हणेपर्यंत हलले नाही. त्याची गिऱ्हाइकं खोळंबली.

२ डिसेंबर, मंगळवार

मत दिलं. स्वतःचंच नाव वाचून बटण दाबताना कसंतरी झालं.

दुपारी जळगाव. यांनी पाटीवर लिहिलं होतं, 'चाळीस वर्षांत पहिलं मत चुकलं.' आणि रडले. आवाज गेला तेव्हा रडले नाहीत हो! रडण्यालाही आवाज नाही आता. नुसते खांदे.

माझं लक्ष रुपचंदभाऊंच्या बोटाकडे गेलं. शाई नाही. म्हटलं, 'भाऊ, तुम्ही मतदानाला गेलाच नाहीत?'

म्हणाले, 'यानं मत नही पडनं, ते मनं बी नही पडावं. त्यानं एक, मनं एक. जोड बरोबर.' यांचं मत पडलं नाही, म्हणून स्वतःचंही टाकलं नाही!

यांनी पाटी ओढली. लिहिलं, 'मूर्ख आहेस. तुझा पक्ष पडेल.' रुपचंदभाऊ वाचून हसले. पुसलं. भांडण पुन्हा सुरू झालं, एकाचं तोंडानं, एकाचं खडूनं. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

३ डिसेंबर, बुधवार

अकरा वाजता डॉक्टर आले. काढलेल्या भागाचा रिपोर्ट. कडा मोकळ्या. गाठींमध्ये काही नाही. खबरदारी म्हणून किरणांचे शेक घ्यावे लागतील, पण — 'काकू, चांगलं झालंय.'

मी त्या पोराच्या पाया पडणार होते. त्यानं धरलं.

यांनी पाटीवर लिहिलं, 'आणि निकाल?'

म्हटलं, 'हाच की.'

मग आठवलं. अगंबाई! आज मतमोजणी! फोन लावला. नऊ मतांनी पडले.

मला वाटलं आता यांचा चेहरा उतरेल. मान खाली घालून कितीतरी वेळ लिहीत होते. पाटी फिरवली, 'नऊच? पुढच्या वेळी निवडून येशील.' खाली, बारीक अक्षरात, 'बॅनरवर तुझा फोटो मोठा लावू.'

लावतील! मला हौस नाही. बघू.

१७ डिसेंबर

घरी आलो त्याला दहा दिवस झाले. मगनची बायको पेढे घेऊन आली. जळगावच्या डॉक्टरांनी मगनला सांगितलं, अगदी सुरुवात आहे, पेटी काढायची गरज नाही, नुसत्या शेकानं बरं होईल. आवाजही राहील. माझ्या पायाशी वाकायला लागली. मी तिला ओट्यावर बसवलं आणि चहा केला.

नऊ मतं गेली तर गेली!

६ जानेवारी, मंगळवार

यांच्या बोलण्याचा आज पहिला धडा. झडप बसवलीय. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, 'भोकावर बोट ठेवा, श्वास सोडा आणि नाव सांगा.'

तीनदा नुसती हवा. चौथ्यांदा आलं. जाड, खरखरीत, पण यांचंच!

'बेबाबाईचा... नवरा.'

मॅडमचं पेन थांबलं. 'काका, तुमचं स्वतःचं नाव?'

हे दमले होते. माझ्याकडे बघितलं. मी पुढे वाकले आणि मोठ्यांदा सांगितलं,

'पंडित.'